लकव्यानंतर हात पुन्हा हलावा म्हणून व्हीआर गेम: खरंच उपयोग होतो का?

डोळ्यांवर हेडसेट लावून आजोबा हवेत हात फिरवतायत आणि पडद्यावर फुगे फुटतायत, असा एखादा व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये आला असेल. तो टाइमपास नसतो. लकवा म्हणजेच पक्षाघातानंतर कमजोर पडलेला हात पुन्हा कामाला लावण्यासाठी व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजे व्हीआर वापरलं जातं. पण घरात कुणाला लकवा झाला असेल तर प्रश्न पडतोच: यावर पैसे घालावेत का?

हात का हलत नाही?

दोष हातात नसतो, मेंदूत असतो. मेंदूचा रक्तपुरवठा अडला किंवा आत रक्तस्राव झाला की हाताला हुकूम देणाऱ्या पेशी मरतात. त्या परत येत नाहीत, पण मेंदूचे शाबूत भाग त्यांचं काम काही प्रमाणात शिकून घेतात. पहिल्या काही महिन्यांत हे शिकणं सगळ्यात वेगानं होतं.

त्यासाठी एकच हालचाल पुन्हा पुन्हा करावी लागते, आणि गाडी अडते ती इथेच. अमेरिका आणि कॅनडातल्या केंद्रांची एक पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात एका सेशनमध्ये हाताच्या कामाच्या हालचाली सरासरी ३२ वेळाच होत होत्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हा आकडा शेकड्यांत असतो.

व्हीआर काय करतं?

कॅमेरा किंवा सेन्सर हाताची हालचाल टिपतो आणि पडद्यावरचा हात तशीच हालचाल करतो. बोट जेमतेम हललं तरी ते मोठं करून दाखवता येतं. जमलं की पॉइंट मिळतात, मग गेम थोडा अवघड होतो. कंटाळा कमी येतो, त्यामुळे सराव वाढतो.

पुरावा काय सांगतो?

टोरांटोचे न्यूरॉलॉजिस्ट गुस्तावो सापोस्निक यांच्या टीमनं चार देशांतल्या १४१ रुग्णांचे दोन गट केले. एक गट टीव्हीसमोर निन्टेन्डो वी खेळला, तर दुसरा पत्ते, बिंगो, जेंगा असे साधे खेळ. २०१६ मध्ये निकाल आला: दोन्ही गटांचे हात सुधारले, आणि जवळपास सारखेच!

कॉक्रेन या संस्थेनं २०२५ मध्ये १९० चाचण्यांचा आढावा घेतला. इतर उपचारांऐवजी व्हीआर दिल्यास हाताला थोडाच जास्त फायदा दिसला. नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून दिल्यासही हाताचं काम सुधारलं.

थोडक्यात, हात सुधारतो तो सरावामुळे. हेडसेट फक्त तो सराव वाढवतो.

घरच्यांनी काय लक्षात ठेवायचं?

- फिजिओथेरपी बंद करून व्हीआर नको, सोबत चालेल.
- हात अजिबातच हलत नसेल तर बहुतेक गेमना टिपायला काही मिळत नाही. अशा वेळी वेगळे उपचार लागतात.
- हेडसेटमुळे चक्कर किंवा मळमळ होऊ शकते. फिट येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि खेळताना पेशंटला बसवूनच खेळवा.
- परवडत नसेल तर अपराधी वाटून घेऊ नका. पत्ते वाटणं, मटार सोलणं, दोरीवर चिमटे लावणं हाही सरावच आहे. कोणती हालचाल आणि किती वेळा, हे फिजिओथेरपिस्टकडून ठरवून घ्या आणि रोज मोजून करून घ्या.