शास्त्राची मूठ उघडी हवी

सातबाऱ्यावर जमिनीच्या मालकाचे नाव दिसते. पण ते कसे चढले, हे पाहायचे तर फेरफार काढावा लागतो. आरोग्याच्या संशोधनाचेही तसेच. ‘लस गुणकारी ठरली’ हा झाला सातबारा. किती जणांना टोचली, कोण आजारी पडले, कोणते आकडे वगळले, ही टिपणे म्हणजे फेरफार. हिलाच पुरवणी माहिती म्हणतात. ती इतरांना खुली का असावी? एक दाखला पहा.

प्लेगची लस तयार करून डॉ. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली. त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला; हाफकिनना तिचे प्रमुखपद सोडावे लागले. प्लेग लाखोंचे बळी घेत होता आणि चौकशीचे कागद दप्तरात पडून होते! १९०६ च्या अखेरीस ते सरकारी गॅझेटात छापले गेले, तेव्हा इतर शास्त्रज्ञांनी ते तपासले. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, तो नीट निर्जंतुक केला नव्हता. आणि उघडताना बाटलीला दुर्गंधी नव्हती, हे त्यांत नोंदलेले होते. जंतू आधीपासून वाढत असते तर वास आला असता. रोनाल्ड रॉस प्रभृतींनी १९०७ साली हे जगापुढे मांडले आणि त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त झाले. १९२५ साली त्या संस्थेला त्यांचेच नाव मिळाले.

झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण शास्त्राला लागू नाही. मात्र मूठ उघडताना रोग्याची अब्रू सांभाळावी. आपल्या धुळे-जळगावकडच्या सातपुड्यातील पाड्यांवर सिकलसेलची तपासणी होते. लहानशा पाड्यात नाव गाळले, तरी वय आणि आजार सांगताच माणूस ओळखू येतो! म्हणून संमती घ्यावी, ओळख पटेल असा तपशील वगळावा, आणि प्रत्येक रकान्याचा अर्थ लिहून ठेवावा. जीवशास्त्रीय माहिती जतन करण्यासाठी फरीदाबाद येथे २०२२ साली राष्ट्रीय केंद्रही सुरू झाले.

गुरुजी, मुलांच्या वजन-उंचीची वही ठेवताना तारीख आणि मोजण्याची रीत जरूर लिहा. आणि मंडळी, गावात कोणी संशोधनासाठी रक्त घ्यायला आले, तर हात पुढे करण्याआधी दोन गोष्टी अवश्य विचारा: ‘आमची माहिती कोण पाहणार? आणि निष्कर्ष आम्हांला कधी कळणार?’