जुन्या नकाशांचे रंग कसे पारखावे ?



दूरदूरच्या संग्रहालयांतील जुने नकाशे व आराखडे आतां घरबसल्या पाहतां येतात. ते स्कॅन करून सर्वांना खुले झाले, ही मोठीच सोय होय. परंतु पडद्यावर दिसणारा रंग मूळ कागदावरच्या रंगाशीं कितपत जुळतो, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाहीं. मींहि विचारला नव्हता, आणि त्याचा भुर्दंड माझ्या विद्यार्थ्यांना पडला.

विल्यम स्मिथ या इंग्रज भूस्तरशास्त्रज्ञानें १८१५ सालीं इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंडचा कांहीं भाग यांचा एक भव्य नकाशा प्रसिद्ध केला. नकाशा पंधरा तुकड्यांचा; प्रमाण एका इंचास पांच मैल. रेषा छापलेल्या होत्या, पण रंग प्रत्येक प्रतीवर हातानें भरलेले. प्रत्येक थराला स्वतंत्र रंग. खडूच्या थराला हिरवा. त्यांतहि खुबी अशी कीं, थराच्या तळाच्या कडेशीं रंग गडद असे व तेथून तो फिका होत जाई. त्यावरून कोणता थर कोणाच्या खालीं आहे, हें नजरेनेंच समजे. सारांश, येथें रंग शोभेसाठीं नव्हता; तोच नकाशाची भाषा होता.

शाळेच्या प्रदर्शनासाठीं मीं या नकाशाचें चित्र मिळविलें. कागद पिवळट दिसला, म्हणून संगणकावरील चित्र सुधारण्याची कळ दाबली. कागद पांढराशुभ्र झाला, रंग तजेलदार दिसूं लागले. मुलांनीं त्यावरून मोठा तक्ता काढला व मीं त्यांना पैकीच्या पैकी गुण दिले. पुढें एका मुलानें विचारलें, “गुरुजी, या मधल्या पांढऱ्या पट्टींत जमीनच नाहीं का ?” मूळ चित्र पुन्हां पाहिलें, तेव्हां चूक ध्यानांत आली. कागदाचा पिवळेपणा घालवितांना हिरव्या रंगाची फिकी बाजूहि पुसली गेली होती. मुलांनीं खडूचा थर अर्ध्यावरच थांबविला होता. दोष त्यांचा नव्हता, माझा होता.

मग पारख करावी कशी ? पहिला साक्षीदार म्हणजे रंगपट्टी. स्कॅन करतांना मूळ कागदाशेजारीं प्रमाणभूत रंगांच्या चौकोनांची पट्टी ठेवतात. चोवीस चौकोनांची पट्टी विशेष प्रचारांत आहे. प्रत्येक चौकोनाचा रंग मोजून निश्चित केलेला असतो. चित्रांतील चौकोन त्या मापांशीं ताडून पाहावे. तांबडा, हिरवा व निळा या तीन घटकांना साधारणपणें शून्यापासून २५५ पर्यंत आकडे असतात. करड्या चौकोनांत हे तीनहि आकडे जवळजवळ सारखे यावयास हवेत. तांबड्याचा आकडा पुढें गेला, तर साऱ्या नकाशावर तांबूस छटा चढली, असें समजावें. फरक मोजण्याची ‘डेल्टा ई’ नांवाची रीतहि १९७६ पासून रूढ आहे. तिच्यांत एकच्या आसपासचा फरक डोळ्यांना जेमतेम जाणवतो.

दुसरा साक्षीदार आपला स्वतःचा पडदा. एकच चित्र दोन पडद्यांवर दोन तऱ्हांनीं दिसतें. म्हणून पडद्याचे रंग मोजून जुळविल्याशिवाय चित्राला दोष देऊं नये.

पट्टी जुळली म्हणून नकाशा जुळलाच, असेंहि नाहीं. दुकानांतील दिव्याखालीं साडीला अगदीं जुळणारें खणाचें कापड घरीं उन्हांत नेतांच वेगळें दिसतें, हा अनुभव गृहिणींना आहेच. दोन निरनिराळीं रंगद्रव्यें एका प्रकाशांत सारखीं दिसतात व दुसऱ्यांत दिसत नाहींत. पट्टीवरील रंग आधुनिक, नकाशावरील जुने. तेव्हां कॅमेऱ्याचीहि अशीच फसगत होते. यासाठीं अखेरची तपासणी मूळ कागद योग्य प्रकाशांत शेजारीं ठेवून डोळ्यांनींच करावी लागते.

आणखी एक गोष्ट. नकाशाचा आजचा रंग कोणता व तो तयार झाला त्या दिवशींचा कोणता, हे दोन भिन्न प्रश्न आहेत. तांब्याच्या गंजापासून केलेला हिरवा रंग काळानें तपकिरी पडतो. कित्येक वनस्पतिजन्य रंग उजेडानें विटतात. स्कॅन प्रतीनें आज आहे तेंच दाखवावें. स्मिथच्या नकाशाची एक आरंभींची प्रत २०१४ मध्यें लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या संग्रहांत सांपडली. ती दीर्घकाळ अंधारांत राहिल्यानें तिचे रंग ताजे होते. भिंतीवर टांगलेल्या प्रतीशीं तिचे रंग जुळले नाहींत, तरी दोन्ही स्कॅन प्रती अचूक असूं शकतात.

म्हणून संग्राहकांना माझी विनंती आहे : मूळ स्कॅन प्रत जशीच्या तशी जपा, तिच्या कडेची रंगपट्टी कापूं नका, आणि सुधारणा करावयाची ती निराळ्या प्रतीवर करा. कागद जीर्ण होऊन नाहींसा झाला, तर उद्यां तीच प्रत एकमेव साक्ष उरेल.

आमच्या तक्त्यावरचा हिरवा पट्टा मुलांनीं नंतर पुरा केला. प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाचे आभार मीं वर्गांत सर्वांसमोर मानले.