दोन आया, दोन उत्तरं

मंडळी, बुद्ध आणि येशू यांची तुलना निघाली की आपण लगेच ईश्वर आहे की नाही, या वादात शिरतो. आज तसं नको. आज दोन गोष्टी शेजारी ठेवू. दोन्हींत मूल गमावलेली आई आहे.

पहिली गोष्ट पाली अट्ठकथेतली. श्रावस्तीची किसा गोतमी मेलेलं मूल कडेवर घेऊन औषध मागत फिरते. बुद्ध तिला मोहरी आणायला सांगतात; पण ज्या घरात कधीच कुणी मेलेलं नाही, अशाच घरातली. मोहरी घरोघरी मिळते, तसं घर मात्र एकही सापडत नाही. मुलाला निरोप देऊन ती परत येते आणि भिक्षुणी होते. थेरीगाथेत तिच्या नावाच्या गाथा आहेत.

दुसरी लूकच्या शुभवर्तमानातली, अध्याय 7. नाईन गावाच्या वेशीवर एका विधवेच्या एकुलत्या एक मुलाची अंत्ययात्रा येते. येशूंना तिचा कळवळा येतो. ते तिरडीला हात लावतात, मुलगा उठून बसतो.

आता काही जण म्हणतात, येशूंनी मुलगा दिला, बुद्धांनी नुसता उपदेश. पण नीट बघा. बुद्धांनी आधी उपदेश केलाच नाही. ‘सगळेच मरतात’ हे तिला त्या क्षणी ऐकूच गेलं नसतं. त्यांनी तिला दारोदार पाठवलं, आणि प्रत्येक उंबरठ्यावर तिला आपल्यासारखंच दुःख भेटलं. ही करुणाच आहे.

उलट काही जणांना नाईनमध्ये फक्त चमत्कार दिसतो. पण तो मुलगाही पुढे कधीतरी जाणारच होता. ख्रिस्ती श्रद्धेत ही घटना म्हणजे देव मृत्यूपेक्षा मोठा आहे, याची खूण. खरी आशा पुनरुत्थानाची.

फरक इथे आहे. ख्रिस्ती उत्तर नात्यातून येतं: देवाची कृपा आणि माणसाचा विश्वास. बौद्ध उत्तर पाहण्यातून येतं: अनित्यता जशी आहे तशी पाहणं, तृष्णेची पकड सैल होणं. हा फरक पुसून ‘सगळे धर्म एकच सांगतात’ म्हणणं सोपं आहे, पण तो दोघांवरही अन्याय आहे.

साम्य मात्र एक आहे. त्या आईला ओलांडून दोघंही पुढे गेले नाहीत. आपण कुणाच्या घरी भेटायला जातो आणि बसल्या बसल्या ‘जन्माला आला तो जाणारच’ सुरू करतो. वाक्य खोटं नसतं. पण ते बुद्धांनीही आधी तोंडाने सांगितलं नव्हतं, एवढं लक्षात ठेवू.