सुटकेनंतरची वाट : लैंगिक शोषणातून आलेल्या मुलामुलींचे पुनर्वसन आणि आपण

वर्तमानपत्रात अधूनमधून एक बातमी येते. अमुक शहरात पोलिसांनी छापा घातला, इतक्या अल्पवयीन मुलींची सुटका झाली, दलालांना अटक झाली. वाचक हळहळतो, पान उलटतो. बातमी तेथे संपते. त्या मुलीचा खरा प्रवास मात्र तेथून सुरू होतो. सुटका एका रात्रीत होते. मन सावरायला आणि आयुष्य नव्याने उभे राहायला वर्षे लागतात. या वर्षांतील फार थोडा काळ पोलीस, न्यायालय आणि समुपदेशक यांच्या सोबतीने जातो. बाकीचा सारा काळ घर, गल्ली, शाळा आणि गाव यांच्यात जातो. म्हणून ती सावरेल की नाही, हे मोठ्या प्रमाणात तुमच्या-आमच्यासारख्या सामान्य माणसांच्या वागण्यावर ठरते. या लेखाचा विषय तोच आहे.

आपल्या भागाचे वास्तव

सांगली जिल्ह्याला या प्रश्नाचा जुना इतिहास आहे. जत, मिरज, कोल्हापूर आणि सीमेपलीकडील सौंदत्ती या पट्ट्यात यल्लम्मा देवीच्या नावाने मुलींना 'देवाला सोडण्याची' चाल पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. केसांत जट आली म्हणून, घरात मुलगा नाही म्हणून, नवस बोलला म्हणून लहान वयातच मुलीच्या गळ्यात तांबड्या-पांढऱ्या मण्यांचे 'दर्शन' बांधले जाई. पुढे तिचे लग्न होत नसे. वयात आल्यावर तिला कोणातरी आश्रयदात्याच्या स्वाधीन केले जाई. अनेकींची वाट शेवटी सांगली-मिरजेच्या, पुण्याच्या किंवा मुंबईच्या वेश्यावस्तीत जाऊन पोहोचे. यातील बहुतेक मुली दलित कुटुंबांतील होत्या, हे विसरता कामा नये. श्रद्धेच्या नावाखाली येथे जात आणि दारिद्र्य यांचेच ओझे मुलीच्या अंगावर टाकले गेले.

या चालीविरुद्ध मुंबई इलाख्यात १९३४ साली, कर्नाटकात १९८२ साली आणि महाराष्ट्रात २००५ साली कायदे झाले. देवदासीने केलेला विवाह कायदेशीर आहे, असे या कायद्यांनी स्पष्ट केले. जट कापून मुलींना मोकळे करण्याचे काम अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी गावोगावी केले. ही चाल आता बरीच ओसरली आहे. परंतु शोषणाने वाटा बदलल्या आहेत.

विटा आणि खानापूर, आटपाडी परिसरातील लोकांना ही गोष्ट चटकन समजेल. येथील हजारो कुटुंबे सोने-चांदीच्या गलाई व्यवसायानिमित्त देशाच्या कानाकोपऱ्यात गेली आहेत. गावच्या माणसाने शब्द टाकला की पोरगा दोन हजार किलोमीटरवरच्या अनोळखी शहरात निर्धास्तपणे कामाला जातो. हा विश्वास आपल्या भागाचे मोठे बळ आहे. माणसांचा व्यापार करणारा दलाल नेमक्या अशाच विश्वासाची नक्कल करतो. तो नोकरीचे, लग्नाचे किंवा शिक्षणाचे आमिष दाखवतो आणि बहुधा ओळखीतूनच येतो. म्हणून फसलेल्या मुलीला "तुला कळलं नाही का?" असे विचारणे अन्यायाचे आहे. तिने विश्वास ठेवला, आणि विश्वास ठेवायला तर आपणच तिला शिकवले होते.

मनाची जखम कशी असते?

सुटून आलेली मुलगी आनंदी आणि कृतज्ञ असेल, अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात ती चिडते, गप्प राहते, खोटे बोलते, दचकून उठते, जेवण टाकते. काही वेळा ज्याने तिला विकले त्याचीच ती बाजू घेते, आणि कधी कधी पळून परत तेथेच जाते. पाहणाऱ्याला वाटते, 'हिलाच ते हवे आहे.' हा निष्कर्ष चुकीचा आहे. ज्याच्या हातात आपले अन्न, मार आणि झोप आहे, त्याला खूश ठेवणे हाच कैदेतील मुलाचा जगण्याचा मार्ग असतो. दार उघडले म्हणून ती सवय लगेच जात नाही. त्यातच 'तुझ्यावर कर्ज आहे' आणि 'आता तुला कोण घरात घेणार?' ही दोन वाक्ये तिच्या मनावर कोरलेली असतात.

संत जोसेफिन बखिता यांचे चरित्र आपल्या वाचकांना परिचित असेल. सुदानमध्ये बालपणीच त्यांना पळवून गुलाम म्हणून विकण्यात आले. त्या धसक्याने त्यांना स्वतःचे जन्मनावही आठवेनासे झाले. 'बखिता' हे नाव त्यांना पळवणाऱ्यांनी दिलेले होते. आघात मनाचे काय करतो, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही. १८८९ साली इटलीतील न्यायालयाने त्या स्वतंत्र असल्याचा निर्णय दिला आणि पुढे काय करायचे हे प्रथमच त्यांनी स्वतः ठरवले. त्यांचा सण ८ फेब्रुवारीला येतो. २०१५ पासून हा दिवस मानवी व्यापाराविरुद्ध प्रार्थनेचा दिवस म्हणून जगभर पाळला जातो.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सावरण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या. प्रथम सुरक्षितता, नंतर घडलेले सांगणे व गमावलेल्याचा शोक करणे, आणि शेवटी माणसांशी व जगाशी पुन्हा नाते जोडणे. या पायऱ्या सरळ रेषेत चढल्या जात नाहीत. मुलगी दोन पायऱ्या चढते, एक उतरते. परंतु पहिली पायरी टाळून दुसरीवर उडी मारता येत नाही, हे पक्के लक्षात ठेवावे.

पहिली पायरी : सुरक्षितता

फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईतील वेश्यावस्त्यांवर मोठे छापे पडले आणि साडेचारशेहून अधिक मुलींना बाहेर काढण्यात आले. त्यांतील जवळजवळ निम्म्या नेपाळच्या होत्या. पुढची काहीच तयारी नव्हती. मुली महिनोन्‌महिने सुधारगृहांत अडकून पडल्या. नेपाळ सरकार त्यांना परत घेण्यास राजी नव्हते. अखेर तेथील स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घेतल्यावर सव्वाशेच्या आसपास मुली मायदेशी जाऊ शकल्या. सुटकेचे रूपांतर दुसऱ्या कैदेत कसे होते, हे तेव्हा सर्वांना दिसले.

त्यानंतर कायदा पुष्कळ सुधारला. कामाठीपुऱ्यात १९८८ पासून मुलांसाठी रात्रनिवारा चालवणाऱ्या 'प्रेरणा' या संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००२ साली महत्त्वाचा निर्णय दिला. सुटका झालेली अल्पवयीन मुलगी आरोपी नसून काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक आहे, आणि दलालांच्या वकिलाला तिच्या वतीने उभे राहता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले. आज अशा बालकाला बालकल्याण समितीपुढे नेले जाते. 'मी मामा आहे' असे सांगत कोणीही आला म्हणून मुलगी त्याच्या ताब्यात देता येत नाही. घरची चौकशी करावी लागते. ही चौकशी कुटुंबाला अपमानकारक वाटते. परंतु पुष्कळदा विकणारा हात घरातलाच असतो, म्हणून ती आवश्यक आहे.

येथे एक भेद स्पष्ट करायला हवा. अठरा वर्षांखालील मुलाच्या किंवा मुलीच्या बाबतीत संमतीचा प्रश्नच उद्भवत नाही. प्रौढ स्त्रीच्या बाबतीत मात्र तिचे म्हणणे ऐकणे बंधनकारक आहे. सांगलीच्या गोकुळनगर वस्तीवर २००५ साली पडलेल्या छाप्यानंतर याच मुद्द्यावर मोठा वाद झाला. तेथील स्त्रियांची स्वतःची संघटना आहे आणि 'आमच्याविषयी निर्णय घेताना आम्हाला विचारा' हे त्यांचे म्हणणे आहे. ते ऐकण्याजोगे आहे. करुणा जबरदस्तीने करता येत नाही.

दुसरी पायरी : सांगणे

मूल केव्हा बोलेल, किती बोलेल आणि कोणाजवळ बोलेल, हे मुलाने ठरवायचे असते. मावशी, शेजारीण, शिक्षिका, धर्मगुरू अशा प्रत्येकाने 'नेमके काय झाले' असे विचारत राहिले, तर प्रत्येक वेळी जखम नव्याने उकलते. ऐकणाऱ्याने तीनच गोष्टी म्हणाव्यात : मी तुझ्यावर विश्वास ठेवतो. यात तुझी चूक नाही. पुढे काय करायचे ते आपण मिळून पाहू.

१४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आलेल्या 'पॉक्सो' कायद्याने सांगण्याची वाट थोडी सुकर केली आहे. हा कायदा मुलगे आणि मुली दोघांनाही लागू आहे. मुलग्यांवरही अत्याचार होतात आणि लाजेपोटी ते अधिक काळ मूक राहतात. या कायद्यानुसार जबाब मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी घेता येतो. तो घेणारा पोलीस गणवेशात नसावा आणि शक्यतो महिला अधिकारी असावी. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. न्यायालयात सुनावणी बंद दाराआड होते आणि साक्ष देताना मुलाची आरोपीशी समोरासमोर गाठ पडू दिली जात नाही. सोबतीला बालकल्याण समिती एक साहाय्यक व्यक्ती नेमू शकते. महाराष्ट्रात २०१३ साली सुरू झालेल्या 'मनोधैर्य' योजनेतून पीडितांना आर्थिक मदत आणि समुपदेशन मिळू शकते.

कागदावरील या तरतुदी आणि गावातील आयुष्य यांत मात्र अंतर आहे. विट्याहून जिल्ह्याच्या ठिकाणी सांगलीला जायचे तर सुमारे साठ किलोमीटरचा प्रवास. एक तारीख म्हणजे आईची एक दिवसाची मजुरी बुडणे, आणि एस.टी. स्टँडवर भेटणाऱ्या प्रत्येकाच्या "काय गं, आज कुठं निघालीस?" या प्रश्नाला उत्तर देणे. अनेक खटले पुराव्याअभावी सुटतात, त्याआधी पुष्कळ कुटुंबे या थकव्याने माघार घेतात. त्या दिवशी सोबत जाणारे एक विश्वासू माणूस मिळाले, तर वर्षभराच्या प्रवचनांपेक्षा ते अधिक मोलाचे ठरते.

तिसरी पायरी : पुन्हा जोडले जाणे

महाराष्ट्राला या कामाची मोठी परंपरा आहे. १८८३ साली इंग्लंडला गेलेल्या पंडिता रमाबाईंनी लंडनमधील फुलहम येथे धर्मभगिनींनी शोषित स्त्रियांसाठी चालवलेले घर पाहिले. तुम्ही हे का करता, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल त्यांना योहानकृत शुभवर्तमानातील येशू आणि शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा वाचून दाखवण्यात आली. रमाबाईंच्या जीवनाला त्यामुळे वेगळी दिशा मिळाली. १८९६-९७ च्या दुष्काळात मदत छावण्यांभोवती मुलींना हेरणारी माणसे त्यांनी पाहिली आणि मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली-स्त्रिया आणल्या. केडगावच्या मुक्ती सदनात पुढे अत्याचारग्रस्त स्त्रियांसाठी 'कृपासदन' हा स्वतंत्र विभाग उभा राहिला.

रमाबाईंनी त्यांना केवळ आसरा दिला नाही. विणकाम, शिवण, गुरांची देखभाल, तेलघाणी आणि छापखाना अशी कामे त्यांच्या हाती सोपवली. ज्यांना समाजाने टाकून दिले होते, त्यांच्याच बोटांनी छापखान्यात खिळे जुळवले. आजच्या संस्थांनाही यातून शिकता येईल. प्रत्येक मुलीपुढे शिवणयंत्र आणि मेणबत्त्यांचा साचा ठेवणे सोपे असते. तिला विचारावे : तुला काय शिकायचे आहे? कोणाला दहावी पूर्ण करायची असते, कोणाला परिचारिका व्हायचे असते, कोणाला गाडी चालवायची असते. ज्या मुलीच्या शरीरावरही तिचा अधिकार ठेवला नव्हता, तिच्यासाठी स्वतः निवड करणे हाच उपचार असतो.

आणखी एक अडचण वयाची आहे. अठरा पूर्ण झाले की बालगृहाचे दार बंद होते. एकवीस वर्षांपर्यंत अनुरक्षणाची तरतूद आहे, परंतु ती सर्वांपर्यंत पोहोचत नाही. नेमक्या याच वळणावर दलाल पुन्हा वाट पाहत असतो. भाड्याची खोली, पहिली नोकरी आणि सणाला जायला एक घर, एवढे मिळाले तरी ती तरुणी तग धरते.

अशा मुली केवळ मदत घेणाऱ्या राहतात असेही नाही. १९९६ च्या छाप्यानंतर नेपाळला परतलेल्या मुलींनी एकत्र येऊन 'शक्ती समूह' ही संस्था उभी केली आणि इतर मुलींना वाचवण्याचे काम हाती घेतले. २०१३ साली या संस्थेला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

धर्मग्रामाने काय करावे?

पहिली गोष्ट, जिभेला आवर घालावा. पीडित बालकाचे नाव, शाळा, फोटो किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे. व्हॉट्सॲपवर पुढे ढकललेला संदेशही त्यात मोडतो. उपासनेतील प्रार्थनेतसुद्धा नाव घेऊ नये.

दुसरी गोष्ट, दडपू नये. बालकावरील अत्याचाराची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणे कायद्याने सक्तीचे आहे. न कळवणे हा गुन्हा आहे. 'अब्रू जाईल', 'मुलीचे लग्न व्हायचे आहे', 'आपसात मिटवू' या सबबी येथे चालत नाहीत. आरोप आपल्याच शाळेतील, वसतिगृहातील किंवा चर्चमधील व्यक्तीवर असला तरी नियम तोच आहे. ख्रिस्तसभेतही असे अपराध घडले आणि ते झाकण्याचेही प्रकार घडले. म्हणूनच पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली धर्मगुरू व संन्यस्तांनी असे प्रकार वरिष्ठांना कळवणे बंधनकारक केले. संस्थेचे नाव मुलापेक्षा मोठे नसते.

तिसरी गोष्ट, मदतीचे क्रमांक सर्वांना ठाऊक असावेत. मुलांसाठी १०९८, स्त्रियांसाठी १८१ आणि तातडीसाठी ११२. चर्चच्या आणि शाळेच्या फलकावर ते मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावावेत.

चौथी गोष्ट सर्वांत साधी आणि सर्वांत अवघड आहे. परत आलेल्या मुलीला पूर्वीसारखेच वागवावे. तिला हळदीकुंकवाला, बारशाला, गायनवृंदाला, कॅटेकिझमच्या वर्गाला बोलवावे. आपल्या मुलींना तिच्याशी बोलू द्यावे. तिच्याविषयी कुजबुज सुरू झाली की विषय बदलावा, आणि गरज पडल्यास ठामपणे थांबवावा. विहिरीवर एकटीच आलेल्या शोमरोनी स्त्रीकडे प्रभूने आधी पाणी मागितले. तिच्या हातचे पाणी घेण्यास तो तयार होता, आणि तिच्या बदललेल्या आयुष्याची सुरुवात तेथे झाली. आपल्यालाही सुरुवात तेथूनच करता येईल.