आधी अर्जातली उणीव, मग पदवी

बीडीएस करून अमेरिकेत प्रॅक्टिस करू इच्छिणाऱ्या आपल्याकडच्या तरुण दंतवैद्यांत एक वाट चांगलीच रुळली आहे. आधी तिथल्या एखाद्या विद्यापीठात मास्टर्स करायचं, बहुतेकदा एमपीएच म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी घ्यायची, आणि मग डेंटल स्कूलला अर्ज करायचा. ही वाट चुकीची नाही, पण ती निवडण्याची रीत बऱ्याचदा चुकते. सीनियर गेले म्हणून, सल्लागाराने सांगितलं म्हणून किंवा प्रवेश लवकर मिळाला म्हणून कोर्स ठरतो आणि घर तारण ठेवून कर्ज काढलं जातं. ‘माझ्या अर्जात नेमकं काय कमी आहे?’ हा खरा पहिला प्रश्न, आणि तोच विचारायचा राहून जातो. ज्या मास्टर्सने ती उणीव भरून निघते आणि डेंटलचा प्रवेश हुकला तरी जी पदवी स्वतःच्या पायावर उभी राहते, तीच घ्यावी. बाकीच्या निकषांचा विचार त्यानंतर.

हे पटण्यासाठी तिथली व्यवस्था समजून घ्यायला हवी. अमेरिकेत दंतवैद्यकाचं शिक्षण पदवीनंतर चार वर्षांचं असतं. शेवटी मिळणाऱ्या पदवीला कुठे डीडीएस म्हणतात, कुठे डीएमडी. दोन्हींचं मोल एकच. बहुतेक राज्यांत परवान्यासाठी मान्यताप्राप्त अमेरिकी डेंटल स्कूलची पदवी लागते, त्यामुळे आपल्या बीडीएसवर तिथे थेट दवाखाना थाटता येत नाही. परदेशात शिकलेल्यांसाठी साधारण दोन ते तीन वर्षांचे ‘अॅडव्हान्स्ड स्टँडिंग’ अभ्यासक्रम असतात आणि त्यांचे अर्ज प्रामुख्याने ‘कॅपिड’ या सामायिक व्यवस्थेतून जातात. बहुतेक ठिकाणी आयएनबीडीई ही ५०० प्रश्नांची राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण असावी लागते. तिचा निकाल केवळ उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा लागतो, म्हणजे उत्तम तयारी केलेला आणि जेमतेम पार झालेला उमेदवार कागदावर सारखेच दिसतात. साहजिकच निवडीचा भार इतर गोष्टींवर पडतो: बीडीएसचे गुण, शिफारसपत्रं, रुग्णांवर केलेलं काम, इंग्रजी संभाषण, मुलाखत, आणि अनेक ठिकाणी बेंच टेस्ट, म्हणजे कृत्रिम दातांवर क्राउनसाठी दात घडवून किंवा फिलिंग करून दाखवण्याची परीक्षा.

यातली प्रत्येक उणीव वेगळी आहे आणि तिच्यावरचा इलाजही वेगळा. बीडीएसचे गुण बेताचे असतील तर मास्टर्सने ते पुसले जात नाहीत. दोन्ही गुणपत्रिका निवड समितीपुढे स्वतंत्रपणे येतात. नवे चांगले गुण जुन्यांशेजारी उभे राहतात आणि ‘या उमेदवाराला कठीण अभ्यास झेपतो’ एवढी साक्ष देतात. ती साक्ष वजनदार हवी असेल तर विषयही तसे हवेत. शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, ओरल बायॉलॉजी यांचा अभ्यास करून घेणारा कोर्स इथे व्यवस्थापनाच्या सोप्या कोर्सपेक्षा कितीतरी उपयोगी. अमेरिकी प्राध्यापकांची ओळख आणि शिफारसपत्र नसेल तर डेंटल स्कूलच्याच आवारात चालणारा, संशोधन करायला लावणारा मास्टर्स पाहावा, कारण वर्षभर प्रयोगशाळेत काम पाहिलेल्या मार्गदर्शकाच्या पत्राला मोठ्या वर्गातल्या ओझरत्या परिचयाचं पत्र तोडीस तोड ठरत नाही. आणि हाताचं कौशल्यच कच्चं असेल, तर वर्गात बसून मिळणारी कोणतीही पदवी ते पक्कं करणार नाही. अशा उमेदवाराने इथेच चांगल्या दवाखान्यात आणखी एखादं वर्ष काम करणं अधिक शहाणपणाचं.

मग एमपीएचची जागा कुठे? ज्याला समाजाच्या दातांचा प्रश्न खरोखर पडला आहे, त्याच्यासाठी ती उत्तम पदवी आहे. अमेरिकेत मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहराने १९४५ मध्ये पिण्याच्या पाण्यात मोजून फ्लोराइड मिसळायला सुरुवात केली, ती किडके दात कमी व्हावेत म्हणून. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत तेच फ्लोराइड भूजलात जादा असल्याने दातांवर डाग पडतात आणि हाडंही दुखावतात. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटखाबंदी झाली, तरी तंबाखूने होणारे तोंडाचे आजार दंतवैद्याच्या खुर्चीपर्यंत येतच राहिले. इंटर्नशिपच्या शिबिरांत हे पाहिलेला विद्यार्थी एमपीएचमध्ये रोगप्रसारशास्त्र आणि संख्याशास्त्र शिकतो, तेव्हा मुलाखतीत त्याच्याकडे सांगण्यासारखं स्वतःचं काही असतं. हा प्रश्नच ज्याला पडलेला नाही, त्याला ‘एमपीएच का?’ या साध्या विचारणेलाही पाठ केलेलं उत्तर द्यावं लागतं आणि अनुभवी परीक्षकाला ते ओळखायला वेळ लागत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येतो की मास्टर्स न करताही भारतातून थेट प्रवेश मिळतो. मिळतो, आणि ज्यांचा अर्ज आधीच भक्कम आहे त्यांनी उगाच दोन वर्षं घालवू नयेत. माझ्या म्हणण्याला यातून बळकटीच मिळते. दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे: पदवीनंतर नोकरीसाठी मिळणारा काळ पाहूनच कोर्स निवडावा. विद्यार्थी व्हिसावर साधारण १२ महिने काम करता येतं आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या सरकारी यादीतल्या विषयांना आणखी २४ महिने मिळतात. सर्वसाधारण एमपीएच त्या यादीत बसत नाही, जीवसंख्याशास्त्रासारखे विषय बसतात. कर्ज फेडायचं असलेल्याने हा हिशेब जरूर करावा. पण ज्या विषयात मन रमत नाही त्यात गुण घसरतात, आणि घसरलेले गुण अर्जाला बळ देण्याऐवजी ओढून खाली आणतात. म्हणून हा निकष दोन योग्य पर्यायांतून एक निवडताना वापरावा. अयोग्य पर्याय त्याने योग्य ठरत नाही.

वेळेचं गणितही मांडून पाहावं. ऑगस्टमध्ये दोन वर्षांचा मास्टर्स सुरू केला आणि तो संपताच डेंटल स्कूलमध्ये जायचं असेल, तर अर्ज पहिल्या वर्षाच्या अखेरीस, फार तर उन्हाळ्यात भरावा लागतो. तोवर हाती एक-दोन सत्रांचेच गुण असतात, म्हणजे स्थिरावायला वेळ घेऊन चालत नाही. शिवाय दोन वर्षं हातात हँडपीस नसेल तर बेंच टेस्टच्या सरावाची सोय आधीपासूनच करावी लागते. पैशाचा भार तर त्याहून मोठा. काही खासगी डेंटल स्कूलची वर्षाची फी लाख डॉलरच्या घरात जाते आणि मास्टर्सचं कर्ज त्याच्या आधीच डोक्यावर बसलेलं असतं. तेव्हा विद्यापीठांची यादी करण्याआधी घरच्यांसमोर बसून दोन प्रश्नांची उत्तरं लिहून काढावीत: या पदवीने माझ्या अर्जातली कोणती उणीव भरेल, आणि डेंटलचा प्रवेश मिळालाच नाही तर या पदवीवर मी कोणतं काम आनंदाने करेन? दोन्ही उत्तरं स्पष्ट असतील तर कर्ज काढणं ही विचारपूर्वक केलेली गुंतवणूक ठरते. एकाचं जरी उत्तर सापडत नसेल, तर सही करण्यापूर्वी वर्षभर थांबण्यात काहीही कमीपणा नाही.