टॉप गिअरमधली थरथर

उंच बॉनेटची 'सीजे-३बी' जीप विलिज कंपनीने अमेरिकेत १९५३ साली आणली. महिंद्राने परवाना घेऊन ती आपल्याकडे कित्येक दशकं बनवली. आज ज्यांनी ती जपली आहे, त्यांची एक तक्रार हमखास असते: पंचेचाळीसच्या पुढे गेलं की गाडी खालून थरथरते. मग कोणी इंजिनाची माउंटिंग बदलतो, कोणी थेट गिअरबॉक्स उतरवतो. पैसा जातो, थरथर तशीच. बहुतेक वेळा गडबड तपासणीतच झालेली असते, कारण ती टॉप गिअरमध्ये केलेली असते.

या जीपचा मूळ गिअरबॉक्स तीन गिअरचा. तिसऱ्यात इंजिन जितके फेरे घेतं, तितकेच मागचा प्रोपेलर शाफ्ट घेतो. ६.००-१६ टायरचा घेर साधारण सव्वादोन मीटर. ताशी ४५ किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे ३३० फेरे घेतं. ॲक्सलचं प्रमाण ५.३८, म्हणून शाफ्ट १,८०० च्या आसपास, म्हणजे सेकंदाला ३० फेरे. शाफ्टच्या टोकांना कोनात फिरणाऱ्या क्रॉसमुळे, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंटमुळे, शाफ्टचा वेग दर फेऱ्यात दोनदा कमी-जास्त होतो. सेकंदाला ६० झटके. चार सिलिंडरचं इंजिनही दर फेऱ्यात दोनदाच पेटतं, तेही ६०. आजार दोन, नाडी एकच!

उपाय फुकटचा आहे. त्याच वेगाला दुसरा गिअर टाका. इंजिन आता २,८०० च्या जवळ जाईल, शाफ्ट होता तिथेच राहील. थरथर बारीक आणि जलद झाली, तर इंजिन, फ्लायव्हील, क्लच बघा. तशीच राहिली, तर शाफ्ट. चाकाचा दोष सेकंदाला पाच-सहाच हेलकावे देतो, तो सीटवर बसल्या बसल्या ओळखू येतो.

शाफ्टचा संशय आला की आधी तो स्वच्छ धुवा. एका अंगाला वाळलेला चिखलही तोल बिघडवतो. या गाडीचा हँडब्रेक शाफ्टवरच लागतो, म्हणून चाकांना दगड लावून तो सोडा, गिअर न्यूट्रलला ठेवा आणि क्रॉसच्या दोन्ही बाजू धरून उलटसुलट पिळा. डिफरन्शियलमध्ये थोडा खेळ असतोच, क्रॉसमध्ये अजिबात चालत नाही. क्रॉसच्या बेअरिंगच्या कपाच्या कडेला तांबूस भुकटी दिसली, तर आतलं ग्रीस कधीच संपलं आहे. असा क्रॉस उतरवला की त्याच्या दांडीवर बेअरिंगच्या सुयांचे ओळीने उमटलेले व्रण नखाला लागतात.

गाडी उंच दिसावी म्हणून पाटे वाढवायची हौस मला पटत नाही. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन सारखे असले, तरच एका क्रॉसचा झटका दुसरा जिरवतो. कोन बिघडले की नवा क्रॉससुद्धा फार दिवस टिकत नाही.

हे सगळं बघून झाल्यावरच गिअरबॉक्सला हात लावा. आणि शाफ्ट सोडवण्याआधी त्याच्या दोन्ही तुकड्यांवर पंचने खूण करून घ्यायला मिस्त्रींना आवर्जून सांगा. जोडताना सरकत्या सांध्याचा एक दात जरी चुकला, तरी चांगली गाडी थरथरू लागते.