तळाचा मासा उष्ट्यावर जगत नाही

घरात फिशटँक आणायचा म्हटले की दुकानदार रंगीत माशांबरोबर एक-दोन मिशीवाले मासे पिशवीत घालून देतो. "हे तळाची घाण खातील, यांना वेगळे खाणे नको," असेही सांगतो. मुलांना ते मासे आवडतात, पण काही महिन्यांत पोट खपाटीला जाऊन ते मरतात. कारण ते सफाईसाठी जन्मलेले नाहीत. माशांची विष्ठा ते खात नाहीत आणि वरच्या माशांच्या तोंडून सुटलेल्या चार कणांवर त्यांचे भागत नाही.

या माशांपैकी नेहमी विकला जाणारा एक म्हणजे ब्राँझ कोरी. तो मूळचा त्रिनिदाद बेट आणि दक्षिण अमेरिकेतील ओढ्या-नद्यांचा. थिओडोर गिल या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1858 मध्ये त्याचे वर्णन केले. लांबी जेमतेम सहा-सात सेंटीमीटर. अंगावर खवले नसतात, दोन्ही बाजूंना हाडांच्या पट्ट्यांच्या दोन-दोन रांगा असतात. परांचे काटे टोकदार असतात. कोकणात शिंगाळा हाताळलेल्यांना या काट्यांची कल्पना असेलच. हे काटे जाळीत अडकतात, म्हणून कोरीला जाळीने न पकडता वाटीने उचलावे.

ओढ्यात हा मासा थव्याने फिरतो. मऊ वाळूत तोंड खुपसून अळ्या आणि किडे शोधतो, नको ती वाळू कल्ल्यांतून बाहेर टाकतो. घरातही त्याला हेच करू द्यावे. तळाला धारदार रंगीत खडी घातली तर त्याच्या मिशा झिजतात. त्याऐवजी नदीची बारीक वाळू स्वच्छ धुऊन घालावी. समुद्राची वाळू नको, तिच्यातल्या शिंपल्यांमुळे पाणी जड होते. एकटा कोरी बुजरा होतो, म्हणून किमान सहा एकत्र ठेवावेत. त्यांच्यासाठी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकी पुरते.

मासे आणण्याआधी टाकी तयार करावी लागते. विष्ठा आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया हा विषारी पदार्थ तयार होतो. तो पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्यानंतर दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावे. नळाच्या पाण्यात आधी क्लोरीन काढणारे औषध घालावे. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नये, क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळावा. पाणी 22 ते 27 अंशांदरम्यान असावे. उन्हाळ्यात टाकी खिडकीच्या उन्हापासून दूर ठेवावी.

कोरी मधूनच सुसाट वर येऊन हवेचा घोट घेतो. घाबरू नये, तो आतड्यांतूनही श्वास घेतो. मात्र तो सारखा वर येऊ लागला तर पाणी बिघडले, असे समजावे. त्याला हवा मिळावी म्हणून पाणी आणि झाकण यांच्यात थोडी जागा सोडावी.

आता खाण्याचे. वरचे मासे आधी सगळे फस्त करतात. म्हणून इशाच्या नमाजनंतर टाकीचा दिवा मालवून तळाला बसणाऱ्या गोळ्या टाकाव्यात, तेवढ्याच, जेवढ्या रात्रीत संपतील. सकाळी उरलेले काढून टाकावे. हे काम घरातल्या एका मुलाकडे नेमून द्यावे. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीची हदीस आपल्या घरांत मुलांना सांगितली जाते. तिने मांजरीला खायला दिले नाही आणि स्वतः शोधून खायला मोकळेही सोडले नाही. ओढ्यातला मासा आपले पोट आपण भरतो. काचेत आणला की ती वाट बंद होते आणि त्याची भूक ही आपली जबाबदारी ठरते.

कंटाळा आला म्हणून मासा ओढ्यात किंवा तलावात सोडणे ही त्याची सुटका नव्हे. दक्षिण अमेरिकेचाच सकर मासा असाच भारतातल्या अनेक नद्या-तलावांत पसरला आणि स्थानिक माशांच्या मुळावर उठला. सांभाळणे जमत नसेल तर मासा दुसऱ्या जाणत्या घरी द्यावा. नीट सांभाळला तर कोरी आठ-दहा वर्षे जगतो. आज पाचवीत असलेले मूल कॉलेजात जाईपर्यंत त्याला रात्रीचे खाणे घालावे लागेल, एवढे ठरवूनच तो घरी आणावा.